बेझल अडकलं की आधी पाणी, पातं नंतर

गोव्यात डायव्ह वॉचचं बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी, अडकतं ते खोल पाण्याने नव्हे, किनाऱ्यावरच्या वाळूने आणि वाळलेल्या मिठाने. ग्रँड आयलंडजवळ बुडी मारून आलेलं घड्याळ त्याच दिवशी गोड्या पाण्यात धुतलं तर वर्षानुवर्षं छान फिरतं. कळंगुटला नुसत्या गुडघाभर लाटांत भिजलेलं आणि न धुता कपाटात गेलेलं घड्याळ मात्र ऑक्टोबरात बाहेर काढावं तर बेझल जागचं हलत नाही. मग हाताला येईल ते घेतलं जातं: स्क्रूड्रायव्हर, भाजीची सुरी, कधी पक्कड. घड्याळाचं खरं नुकसान होतं ते तेव्हा. म्हणून बेझल आतून कसं असतं, न काढता कसं सोडवायचं आणि काढायचंच झालं तर कसं, हे सगळं इथे एकत्र लिहितोय.

आधी ते कशासाठी असतं ते बघू. पाण्यात उतरताना बेझलवरचा त्रिकोण किंवा चमकणारा ठिपका मिनिट काट्यासमोर आणायचा. १० वाजून २२ मिनिटांनी उतरलात तर त्रिकोण बाविसाव्या मिनिटावर. पुढे मिनिट काटा बेझलवरच्या ज्या आकड्यासमोर दिसेल तेवढी मिनिटं पाण्याखाली गेली. वजाबाकी नाही, काही लक्षात ठेवणं नाही. आज मनगटावर डायव्ह कॉम्प्युटर असतो हे खरं, पण तो बंद पडला की हीच कडी उरते.

ती एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते, यामागचं कारण फार सुंदर आहे. समजा तुम्हाला उतरून ३० मिनिटं झालीत आणि बोटीच्या शिडीला घासून बेझल चार क्लिक सरकलं. १२० क्लिकचं बेझल असेल तर एक क्लिक अर्ध्या मिनिटाचा, म्हणजे चार क्लिकची दोन मिनिटं. त्रिकोण मागे सरकला, त्यामुळे काटा ३२ दाखवणार. तुम्ही दोन मिनिटं आधी वर याल, एवढंच. तेच बेझल उलट दिशेने सरकलं असतं तर काट्याने २८ दाखवले असते आणि हवेचा हिशेब चुकला असता. बेझल चुकलं तरी ते माणसाच्या बाजूने चुकलं पाहिजे. ही गोष्ट सुरुवातीपासून सगळ्यांनी पाळली असं नाही. १९५३ च्या ब्लांपाँ फिफ्टी फॅदम्स या डायव्ह वॉचवर बेझल चुकून फिरू नये म्हणून कुलपासारखी सोय होती, तर रोलेक्स सबमरीनरचं बेझल पहिली बरीच वर्षं दोन्हीकडे फिरायचं. आता डायव्हरच्या घड्याळासाठी आयएसओ ६४२५ हे मानक आहे. वेळ मोजायच्या सोयीला अपघाती फिरण्यापासून संरक्षण हवं आणि अंधारात २५ सेंटिमीटरवरून ती वाचता यावी, असं ते सांगतं.

आता आतली रचना. बहुतेक घड्याळांत बेझल नुसतं दाबून बसवलेलं असतं. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या, वरच्या काठाला बाहेरच्या बाजूने एक बारीक ओठ असतो, बेझलच्या आतल्या कडेला तसाच दुसरा. दाबलं की एक ओठ दुसऱ्याखाली जाऊन बसतो. या दोघांच्या मधे रबराचं किंवा प्लॅस्टिकचं गॅस्केट, म्हणजे बारीक वळं, असतं. इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा: हे गॅस्केट पाणी अडवण्यासाठी नसतं. ते बेझलला ताण देतं, खुळखुळू देत नाही, फिरवताना ती रेशमी जडपणाची जाणीव देतं. पाणी अडवतात ती गॅस्केटं वेगळी: मागच्या झाकणाची, चावीची (वेळ लावायच्या बाजूच्या गुंडीची) आणि काचेची. बेझलखाली समुद्राचं पाणी जाणारच, तशीच त्याची रचना असते. त्यामुळे बेझल नीट काढून नीट बसवलं तर घड्याळाच्या पाणीरोधकतेला धक्का लागत नाही. ‘नीट’ या शब्दात काय काय येतं ते पुढे आहेच.

क्लिक येतो तो बेझलच्या खालच्या बाजूला कोरलेल्या दात्यांमुळे. दाते करवतीसारखे असतात, एक बाजू उतरती, दुसरी जवळजवळ उभी. खाली केसवर एक स्प्रिंग त्यांना टेकलेली असते. उतारावरून स्प्रिंग घसरत वर चढते आणि पुढच्या खोबणीत टपकन पडते. उलट फिरवू गेलात तर ती उभ्या भिंतीला अडते. ही स्प्रिंग दोन प्रकारची आढळते. एकीत केसला छोटं भोक असतं, त्यात बारीक गुंडाळी स्प्रिंग आणि तिच्यावर पिन किंवा छर्रा. दुसरीत पत्र्याची चपटी कडी असते, तिच्या एक-दोन-तीन जिभा वर वाकवलेल्या. जीभ एकच असेल तर बेझल मागेपुढे थोडं हलतं. जिभा जास्त आणि कापणी नेमकी असेल तर ते हलणं जवळजवळ जातं. व्होस्तोक अँफिबिया या घड्याळाची गोष्टच वेगळी. तिथे क्लिक नाही, दाते नाहीत, बेझल दोन्हीकडे फिरतं आणि आत वाकवलेली एक तार त्याला धरून ठेवते.

आता एक हिशेब करून बघा, कारण सगळा घोळ इथेच आहे. दात्यांच्या वर्तुळाचा व्यास ३६ मिलिमीटर धरला तर परीघ साधारण ११३ मिलिमीटर. १२० दाते म्हणजे एक दाता ०.९४ मिलिमीटरचा. किनाऱ्यावरच्या बारीक वाळूचा कण पाव मिलिमीटरच्या आतबाहेर असतो, जाडसर कण एक मिलिमीटरपर्यंत जातो. म्हणजे शिंपल्याच्या चुऱ्यातला एखादा जाड कण एका दात्याच्या खोबणीत बरोबर बसतो. तो बसला की फेरीत एकाच ठिकाणी बेझल अडखळतं. बारीक कण मात्र गॅस्केट आणि केसमधे शिरतात, आणि मग सगळीकडे सारखंच जड, करकरतं. हात लावल्याबरोबर हा फरक कळतो आणि त्यावरून दोष कुठे आहे तेही कळतं: एकाच जागी अडखळलं तर खोबणीत कण, सगळीकडे करकरलं तर गॅस्केटमधे वाळू, आणि फिरतच नसेल तर मीठ.

मिठाचं वागणं गोव्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. आगरवाड्याच्या मिठागरात उन्हाने जे होतं तेच बेझलखाली होतं. एका लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. पाणी उडून जातं, खडा मागे राहतो, पुढच्या वेळी त्यावर आणखी थर. मग जून उजाडतो, मासेमारी बंद, डायव्हिंग बंद, घड्याळ कपाटात. स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं तसं बेझलखालच्या मिठालाही सुटतं आणि चार महिने स्टील खारट चिखलात बसून राहतं. घड्याळांचं ३१६एल स्टील गंजत नाही असं आपण म्हणतो ते मोकळ्या हवेत. अरुंद फटीत ऑक्सिजन पोचत नाही, स्टीलवरचा संरक्षक थर पुन्हा तयार होत नाही, आणि क्लोराइड तिथे बारीक खड्डे पाडतं. घासून चकचकीत केलेल्या केसवर, बेझल उचलल्यावर खाली तांबूस-काळे ठिपके दिसतात ते हेच. अॅल्युमिनियमचा इन्सर्ट (बेझलवरची आकड्यांची चकती) असेल तर त्याच्याखाली पांढरी पूडही सापडते.

म्हणून आधी भिजवा. चावी स्क्रूची असेल तर ती पूर्ण बसलीय ना ते बघा, चामड्याचा पट्टा असेल तर काढा. वाटीत कोमट पाणी घ्या. कोमट म्हणजे हाताला जेमतेम ऊब लागेल एवढंच, गरम नव्हे. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि अर्धा तास ठेवा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते वापरलंत तर मिठात मिठाची भर. नळाचं किंवा फिल्टरचं घ्या. अर्ध्या तासाने मऊ टूथब्रशने फटीतून हलक्या हाताने फिरा. मग पाण्यातच बेझल पकडून योग्य दिशेला हलवा. दोन-चार क्लिक जरी आले तरी थांबा, पाणी बदला, पुन्हा अर्धा तास. घाई करू नका. मीठ पाण्यात विरघळतंच, त्याला फक्त वेळ द्यावा लागतो. वाळू विरघळत नाही, तिच्यासाठी दात साफ करायचा फ्लॉस फटीत घालून सगळीकडून ओढायचा. धागा कण बाहेर घेऊन येतो. बोटं घसरत असतील तर स्वयंपाकघरातला रबरी हातमोजा घाला, नाहीतर जाड रबरबँड बेझलभोवती गुंडाळा. पकड एकदम दुप्पट होते.

इथे लोक ज्या चुका करतात त्या सांगूनच टाकतो. खोबरेल तेल सोडू नका. आज बेझल लोण्यासारखं फिरेल, पण तेल वाळूला धरून ठेवतं, जुनं झालं की चिकट होतं, आणि २४-२५ अंशांखाली गोठतं, म्हणजे एसीच्या खोलीत ते ग्रीसही नाही आणि तेलही नाही. गंज सोडवायचा स्प्रे नको, तो गॅस्केटवरचं ग्रीस धुऊन नेतो आणि मागे चिकट थर ठेवतो. व्हिनेगरही नको. शिंपल्याचा चुना त्याने विरघळेल, पण अॅल्युमिनियमच्या इन्सर्टचा रंगही जाईल. आणि हवेचा फवारा फटीत मारू नका, वाळू बाहेर येण्याऐवजी आणखी आत जाते.

दोन-तीनदा भिजवूनही करकर राहिली, क्लिक नाहीसा झाला, किंवा गॅस्केट तुटून फटीतून डोकावू लागलं, तरच काढायचं. आणि काढण्याआधी भिंग लावून बेझलची बाजू पूर्ण फेरीभर बघायची. बाजूला अगदी बारीक स्क्रू दिसले तर पातं लावूच नका, ते बेझल स्क्रूंनी धरलेलं आहे. झिन यू-१ या घड्याळाचं असंच असतं. दुसऱ्या चावीने काचेच्या आतली कडी फिरत असेल तर ते आतलं बेझल आहे. त्यासाठी घड्याळ उघडावं लागतं आणि नंतर प्रेशर टेस्ट (दाब देऊन पाणीरोधकता तपासणं) हवीच, घरचं काम नव्हे. तिसरं, सगळ्यांत धोक्याचं. काही जुन्या घड्याळांत, रोलेक्स सबमरीनर ५५१३ हे ठळक उदाहरण, काचेला धरून ठेवणारी एक कडी असते आणि बेझल त्या कडीवर बसतं. पातं एक फट चुकून खाली गेलं तर बेझलऐवजी कडीच उचलली जाते आणि काच सैल होते. अशा घड्याळाला हात लावू नका. त्याची किंमत तुमच्या उत्सुकतेपेक्षा मोठी आहे.

बाकीच्यांसाठी हवं ते असं: बेझल काढायचं किंवा झाकण उघडायचं पातं, म्हणजे एका बाजूने धार उतरती केलेली जाड, आखूड सुरी. कॅप्टॉन टेप (पातळ, पिवळसर प्लॅस्टिकची टेप), नाहीतर रंगाऱ्याची कागदी टेप. घड्याळ धरायचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा शिकंजा. आणि एक मोठी पारदर्शक पिशवी. चार बाजूंनी पाचरी एकाच वेळी सरकवणारं टेबलावरचं यंत्रही मिळतं. ते मिळालं तर उत्तम, कारण ते चारही बाजूंनी सारखं उचलतं.

पट्टा काढा. केसचा वरचा भाग आणि लग (पट्टा जोडायची केसची टोकं) यांच्यावर टेपचे दोन थर द्या, काचेवरही एक. पातं लावायची जागा दोन लगच्या मधली, ६ किंवा १२ च्या बाजूची. तिथे पातं घसरलं तरी ओरखडा पट्ट्याखाली झाकला जातो. चावीच्या बाजूला अजिबात नको. पात्याचा सपाट भाग केसकडे ठेवा आणि धार फटीत नुसती दाबा. हात धारेच्या रेषेत कधीही ठेवायचा नाही, हे पातं तळहातात शिरतं तेव्हा खोल शिरतं. फट जराशी रुंदावली की उचकटू नका. पातं किंचित पिळा, सोडा, थोडं पुढे सरका, पुन्हा पिळा. एक फेरी, दुसरी फेरी. एकाच जागी जोर लावला तर बेझल तिथे सुटतं पण समोरच्या बाजूला ओठात अडकलेलं राहतं आणि कडी वाकते. वाकलेली कडी नंतर किती सरळ केली तरी एका ठिकाणी घट्ट, एका ठिकाणी ढिली फिरते. बेझल सुटायच्या बेतात आलं की आवाज बदलतो, खटकन नाही, एक मऊ पॉक. त्या क्षणी सगळं काम पिशवीच्या आत असायला हवं.

कारण सगळ्यांत जास्त हरवते ती स्प्रिंग. छर्रा मिलिमीटरभराचा असतो, फरशीवर पडला की दिसत नाही. कधी तो उडत नाही, बेझलच्या खालच्या ग्रीसला चिकटून निघतो आणि बेझल धुताना मोरीतून जातो. म्हणून बेझल निघालं की पांढऱ्या कापडावर उलटं ठेवा, भिंगाने बघा, आणि स्प्रिंग कुठे, कशी, कोणत्या तोंडाने बसली होती याचा मोबाइलवर फोटो घ्या. पत्र्याची कडी उलटी बसवली तर बेझल नीट फिरत नाही किंवा क्लिकच देत नाही.

बेझल, गॅस्केट आणि स्प्रिंग वेगवेगळ्या वाटीत धुवा. दाते टूथब्रशने घासा, कोपऱ्यातली घाण लाकडी टूथपिकने काढा, सुईने नाही. केसवरची खोबण ओल्या कापसाने. पिनचं भोक नीट बघा: वाळू-ग्रीसचा लगदा भरला असेल तर पिन खाली दाबलेलीच राहते आणि क्लिक मेलेला असतो. स्प्रिंग तुटली असं समजून नवी शोधण्याआधी ते भोक साफ करा. गॅस्केट चपटं झालं असेल, बोटाने ताणल्यावर परत येत नसेल, तर नवं घाला. जाडी नेमकी तेवढीच हवी, जाड घातलं तर बेझल बसणारच नाही. बहुतेक गॅस्केट नायट्राइल रबराची असतात आणि त्यांना सिलिकॉन ग्रीस मानवतं. प्रमाण? दोन बोटांत तांदळाच्या दाण्याएवढं घेऊन गॅस्केट त्यातून ओढा, रबर चमकलं पाहिजे, पांढरा थर दिसता कामा नये. दात्यांवर ग्रीस नको. त्याने क्लिक दबतो आणि पुढच्या रविवारची वाळू तिथेच चिकटते.

इन्सर्ट बदलायचा असेल तर बेझल घड्याळापासून वेगळं असतानाच बदला. हेअर ड्रायरने मिनिट-दोन मिनिटं तापवलं की गोंद मऊ होतो, मग मागून प्लॅस्टिकच्या काडीने गोल फिरत ढकला. वरून पातं घालून काढलेला अॅल्युमिनियमचा इन्सर्ट वाकतोच, आणि सिरॅमिकचा तडकतो. तापलेलं सिरॅमिक थंड पाण्यातही घालू नका. नवा चिकटवायला दुहेरी टेपची कडीच वापरा. सुपरग्लूच्या वाफेने काचेवर पांढरा धूसर थर बसतो आणि ओघळ दात्यांत गेला तर बेझल कायमचं गेलं.

बसवताना क्रम असा: आधी स्प्रिंग, मग गॅस्केट खोबणीत पूर्ण फेरीभर सपाट, मग बेझल. दोन्ही अंगठे समोरासमोर ठेवून सरळ खाली दाबा. बरीच बेझलं हाताने बसतात. दाबायचा प्रेस वापरलात तर त्याची नायलॉनची डाय (दाब देणारी चकती) बेझलच्या कडेवरच टेकली पाहिजे, काचेला शिवता कामा नये. फुगीर काच असेल तर डाय पोकळ हवी. काचेवर आलेला दाब काच फोडतो किंवा तिला गॅस्केटमधून खाली सरकवतो, आणि दुसरा प्रकार वाईट, कारण तो दिसत नाही. बेझल एका बाजूने वर राहिलं तर जोर वाढवू नका. गॅस्केट चिमटलंय, पुन्हा काढा.

बसलं की पूर्ण फेरी फिरवून क्लिक मोजा, १२० किंवा ६०, तुमच्या घड्याळाचे असतील तेवढे. एखाद्या जागी क्लिक गाळला तर त्या दात्यात अजून काही आहे. त्रिकोण बरोबर १२ वर थांबतो का ते काचेसमोर सरळ बघून तपासा, तिरकं बघितलं तर चुकीचं दिसतं. शेवटी काचेची खात्री: घड्याळाला ४०-४५ अंशांपर्यंत ऊब द्या, दहा-वीस मिनिटं तसंच राहू द्या, मग काचेवर साध्या तापमानाच्या पाण्याचा एक थेंब मिनिटभर ठेवून पुसा. आतून धुकं आलं तर आत ओल गेली आहे. ते घड्याळ प्रेशर टेस्टशिवाय वाटीभर पाण्यातही घालायचं नाही.